वांझ म्हणून तोडलेला रातांबा

कोकणात बी पडून उगवलेल्या रातांब्यांपैकी, म्हणजे कोकमाच्या झाडांपैकी, साधारण निम्मी झाडं फळ देत नाहीत. झाड धडधाकट असतं. शेंडा निमुळता, फांद्या खाली लवलेल्या, पालवी तांबूस. थंडीत ते फुलांनी भरतं. मग एप्रिल येतो, पलीकडचं झाड लाल होतं आणि याच्यावर एक फळ नाही. दोन-तीन वर्षं वाट बघून घरातली माणसं त्याला ‘वांझ’ ठरवतात आणि त्या पावसाळ्याच्या जळणाची सोय होते. बैल दूध देत नाही म्हणून त्याला बाजार दाखवावा, तसला हा न्याय. झाड वांझ नसतं, नर असतं.

कुऱ्हाडीचा परिणाम दिसायला एक-दोन हंगाम जातात. राहिलेल्या मादी झाडावर फुलं येतात, पण फळ नीट धरत नाही. मग दोष जातो ढगाळ हवेला, धुक्याला, कुणाच्या तरी नजरेला. मध्ये वर्ष उलटलेलं असतं, त्यामुळे तोडलेलं झाड आणि गळलेली फुलं यांची सांगड कुणी घालत नाही. दुसरं नर झाड वाऱ्याच्या आणि किड्यांच्या टप्प्यात असेल तर निभावतं. बहुतेक गावांत ते असतंच, कुणाच्या तरी बांधावर, कुणीतरी आळसाने ठेवलेलं. कोकमाचं पीक या आळसावर बरंच उभं आहे, असं माझं मत.

झाडांना नर-मादी असतं हे आपल्याला पपईमुळे माहीत असतं, ताडामुळेही. पण ते अपवाद वाटतात, कारण शाळेत काढलेल्या जास्वंदीच्या फुलात सगळं एकत्र असतं: मध्ये स्त्रीकेसर, भोवती पुंकेसर. बहुतेक फुलझाडांची तीच रीत आहे. जगातल्या सगळ्या सपुष्प वनस्पती मोजल्या तर ज्यांच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, अशा विभक्तलिंगी जाती जेमतेम ६ टक्के भरतात. उष्ण प्रदेशातल्या जंगलात शिरून फक्त वृक्ष मोजले की मात्र हा आकडा २० टक्क्यांच्या वर चढतो. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी फूल हातात घ्यावं लागतं.

रातांबा नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फुलतो. फूल दिसायला बेताचंच. बोटाच्या पेराहून लहान, पिवळट, जाडसर, हात लावला तर मेणासारखं. बाहेर चार निदलं, आत चार पाकळ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग, एक ब्लेड आणि काळ्या कागदाचा तुकडा, एवढ्यावर काम भागतं. सकाळी नुकतंच उमललेलं फूल घ्यावं. दुपारी घेतलं तर पराग झडून गेलेला असतो आणि परागकोश रिकामे होते की रिकामे झाले, हे सांगता येत नाही.

नर झाडावर फुलं पानांच्या बगलेत आणि टोकाला झुपक्याने येतात, प्रत्येकाचा देठ बारीक. पाकळ्या बाजूला सारल्या की मध्ये पुंकेसरांची गच्च गड्डी दिसते. फूल काळ्या कागदावर टिचकी मारून झटकलं की पिवळी धूळ पडते. मादी झाडावर फुलं मोजकी. फांदीच्या टोकाला एकटंदुकटं फूल, देठ आखूड आणि जाड, कारण पुढे त्याला फळाचं वजन पेलायचं असतं. मध्ये हिरवा गोल बीजांडकोश आणि त्याच्या डोक्यावर थेट बसलेली, आऱ्यांच्या चाकासारखी, पराग झेलणारी कुक्षी. दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे कुक्षिवृंत, नाहीच. पिकलेल्या रातांब्याच्या देठाशी जी चार पानं चिकटलेली असतात ती याच फुलाची निदलं, आणि खालच्या टोकाला जो छोटा खरबरीत डाग असतो तो या कुक्षीचा.

आता भिंग थोडं खाली न्या. हिरव्या गोळ्याच्या बुडाशी चार जागी आखूड केसरांचे जुडगे दिसतील. तंतू आहे, टोकाला परागकोशासारखा फुगवटाही आहे. पण कागदावर झटकलं तर कागद काळाच राहतो. हे वंध्यपुंकेसर. वाडा वाटून घेतला, मध्ये भिंत घातली, तरी जुन्या चुलीची काळी जागा दोन्ही घरांत दिसत राहते, तसं हे आहे. रातांब्याच्या पूर्वजांचं फूल द्विलिंगी होतं, याचा पुरावा प्रत्येक मादी फूल अंगावर बाळगून असतं. पपईत तो पुरावा उलट बाजूला सापडतो: नर फूल उभं चिरलं की मध्ये बारीकशी, कामाची नसलेली बीजांडकोशाची कांडी दिसते.

जायफळात असली खूण सापडत नाही. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. तीन दात्यांची फिकट पिवळी, मेणचट, सुवासिक मडकी, बस्स. नर मडकीत परागकोश एका खांबाला चिकटलेले, मादी मडकीत एकच बीजांड असलेला कोश आणि वर दुभंगलेली कुक्षी. दुसऱ्या लिंगाचं नामोनिशाण नाही. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती विभक्तलिंगी आहेत, आपल्या जंगलातली रामपत्रीसुद्धा. म्हणजे वाटणी इतकी जुनी की चुलीची जागासुद्धा सारवून गेली. फुलात उरलेल्या अवशेषांवरून वाटणीचं वय ठरवणं हे ढोबळच काम आहे, सगळीकडे खरं ठरेल असं नाही. पण झाडाखाली उभं राहून करता येण्यासारखं ते एवढंच.

उष्ण प्रदेशातल्या जंगलाबद्दल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक समज होता. एकरात झाडांच्या जाती शेकड्याने, पण एका जातीची झाडं एकमेकांपासून लांब लांब. मग पराग एका झाडावरून दुसऱ्यावर पोचणार कसा? म्हणजे ही झाडं स्वतःच्याच परागावर फळत असणार. तर्क बिनतोड वाटतो, पण तो झाडावर चढून कुणी तपासला नव्हता. तो तपासला वनस्पतिशास्त्रज्ञ कमलजीत बावा यांनी. पुढे बंगळुरूत ‘एट्री’ (ATREE) ही पर्यावरण-संशोधन संस्था उभी करणारे हेच. १९७०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात, ग्वानाकास्ते प्रांताच्या पानगळीच्या जंगलात त्यांनी १३० वृक्षजातींची फुलं पाहिली. सुमारे २२ टक्के जाती विभक्तलिंगी निघाल्या. आणखी १० टक्क्यांत नर आणि मादी फुलं वेगळी, पण झाड एकच, आपल्या फणसासारखी. उरलेल्या द्विलिंगी जातींपैकी ज्यांच्यावर प्रयोग केले, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचा पराग नाकारला. समज पार उलटा पडला. लांब लांब उभी असलेली ही झाडं स्वतःवर अवलंबून राहायला तयारच नाहीत.

असा प्रयोग मोठ्या यंत्रांचा नाही, घरच्या मादी रातांब्यावर करता येतो. उमलण्याच्या आदल्या दिवशीच्या कळ्या निवडायच्या, नव्वदेक. तीस कळ्यांवर बारीक विणीच्या कापडाच्या पिशव्या बांधायच्या आणि विसरून जायचं. दुसऱ्या तीस कळ्यांवरही पिशव्या, पण फूल उमललं की पिशवी सोडून नर फुलाचे परागकोश कुक्षीवर हलकेच घासायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. तिसऱ्या तीस उघड्या, नुसत्या दोरा बांधून खुणा केलेल्या. तीन-चार आठवड्यांनी धरलेली फळं मोजायची. पहिल्या गटात शून्य, दुसऱ्यात भरपूर आणि तिसऱ्यात कमी, असं आलं तर परागाचा तुटवडा आहे, म्हणजे नर कमी पडतोय किंवा किडे कमी पडतायत. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक नसेल तर गळीचं कारण दुसरीकडे शोधा. बिघडतं ते किरकोळ गोष्टींनी. पिशवी प्लॅस्टिकची असेल तर आत दहिवर साचून फूल कुजतं. तोंड सैल राहिलं तर मुंग्या शिरतात. पिशवी ओझ्याने देठ मोडते आणि आपण म्हणतो फळ धरलं नाही. आणि सगळ्यांत जास्त प्रयोग वाया जातात ते चिठ्ठीवर शाईने लिहिल्यामुळे. शिसपेन्सिलने लिहावं, दहिवरात टिकतं.

आता मूळ प्रश्न. एकाच फुलात दोन्ही सोयी असताना झाडाने अर्धी सोय टाकून का द्यावी? नर झाडाला बी नाही, मादी झाडाला पराग पाठवता येत नाही, आणि एकटं पडलं तर दोघांचाही वंश बुडाला. चार्ल्स डार्विनने १८७७ मध्ये फुलांच्या वेगवेगळ्या रूपांवर पुस्तकच लिहिलं, तेव्हाही हा हिशेब त्याला छळत होता. हिशेब म्हणजे शब्दशः हिशेब, म्हणून आकडे घेऊनच मांडतो.

समजा जंगलात सगळी झाडं द्विलिंगी आहेत. प्रत्येक झाड १०० बिया करतं, आणि त्याच्या परागातून इतर झाडांवर मिळून आणखी १०० बिया होतात. त्याच्या वंशाचे २०० हिस्से पुढे गेले. आता एखाद्या झाडात बिघाड होऊन परागकोश रिकामे राहिले. ते झाड नुसतं मादी झालं. परागातून येणारे १०० हिस्से गेले, हातात १०० उरले. म्हणजे टिकायचं तर पराग न करून वाचवलेल्या ताकदीवर त्याने बिया दुपटीहून जास्त केल्या पाहिजेत. एवढी बचत पराग थांबवून होत नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण द्विलिंगी झाडं स्वतःच्या परागावरही फळत असतील तर हिशेब फिरतो. समजा १०० पैकी ८० बिया स्वतःच्याच परागाच्या, आणि घरातल्या घरात झालेल्या या बियांपैकी ६० रोपावस्थेतच मेल्या. राहिल्या २० स्वतःच्या आणि २० परक्या परागाच्या. स्वतःच्या २० बियांत आई-बाप दोन्ही तेच झाड, म्हणून ४० हिस्से. परक्या परागाच्या २० बियांचे २०. बाहेर पाठवलेल्या परागाचे सरासरी २०. एकूण ८०. शेजारी उभ्या मादी झाडाच्या १०० बिया सगळ्या परक्या परागाच्या, त्या जगल्या: १०० हिस्से. बिघडलेलं झाड जिंकलं, आणि एक बीसुद्धा जास्त न करता. पराग निकामी करणारा बिघाड तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांत, असेल तर काम आणखी सोपं, कारण तंतुकणिका आईकडूनच उतरतात. त्यांना परागाशी देणंघेणं नसतं, चार बिया जास्त मिळाल्या तरी पुरे.

एकदा मादी झाडं वाढली की उरलेल्या द्विलिंगी झाडांच्या परागाला भाव येतो. गिऱ्हाईक वाढलं, विक्रेते तेवढेच. मग ज्या झाडाने बिया करण्याचा खर्च कमी करून पराग वाढवला त्याची चलती होते, आणि हळूहळू ते नर बनतं. यात एक मेख आहे. पराग बंद करणारा बदल आणि बीजांड बंद करणारा बदल एकाच पिलात एकत्र आले तर ते झाड खरोखरच वांझ. म्हणून दोन्ही बदल गुणसूत्रावर जवळजवळ असावे लागतात आणि तो तुकडा अदलाबदलीपासून राखावा लागतो. डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ या उत्क्रांतीच्या अभ्यासक दांपत्याने १९७८ मध्ये हे गणित मांडलं, आणि लिंगगुणसूत्रं कशी जन्माला आली असतील हे त्यातून उलगडलं.

हे गणित देखणं आहे, पण सगळीकडे लागू पडत नाही. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी आपल्या टेंभुर्णीच्या गोतातल्या एका झाडात लिंग ठरवणारी जोडी शोधली. एक जनुक परागकोश वाढू देत नाही. नर झाडात दुसरं एक जनुक बारीक आरएनए तयार करून पहिल्याचं तोंड बंद करतं. नावंही त्यांनी साधी ठेवली, जपानी भाषेत एकाचा अर्थ ‘मादी झाड’, दुसऱ्याचा ‘नर झाड’. दोन वेगळे बदल जवळजवळ आणण्याची भानगडच नाही, एका खटक्यावर काम. निसर्गाने ही वाटणी शेकडो वेळा, वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे केली आहे. प्रत्येक वेळी वकील तोच असेल कशाला?

आणि बावांच्याच निरीक्षणात एक अडचण दडली आहे. द्विलिंगी झाडं स्वतःचा पराग नाकारू शकत असतील, तर केवळ घरातलं लग्न टाळण्यासाठी नर-मादी वेगळं व्हायची गरज काय? वरचा सगळा हिशेब तर स्वतःच्या परागावरच उभा आहे. बावा बोट दाखवतात ते फळाकडे. विभक्तलिंगी वृक्षांच्या यादीवर नजर टाकली की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: फुलं लहान, फिक्की, येईल त्या किड्याला चालणारी, आणि फळ गरदार, पक्ष्या-माकडांनी खाऊन बी लांब नेण्यासाठी केलेलं. दहा झाडांवर शंभर शंभर फळं असण्यापेक्षा पाच झाडांवर दोनशे दोनशे असली तर खाणारे त्या पाचांकडे दुपटीहून जास्त वळतात, असा त्यांचा युक्तिवाद. लदलेलं झाड वानराला लांबून दिसतं. रातांब्यापुरतं मला हेच जास्त पटतं. लाल फळांनी वाकलेल्या मादी झाडाकडे आणि शेजारच्या मोकळ्या नराकडे पाहिलं की खर्चाची वाटणी डोळ्यांना दिसते: एकाने भांडवल फळात घातलंय, दुसऱ्याने फुलात.

ही वाटणी नेहमी इतकी सरळ नसते. काळा उंबर घ्या, ज्याला काही ठिकाणी बोखाडा म्हणतात. ओढ्याकाठी असतो, पानं खरखरीत, फळं खोडालाच लोंबणारी. फळ म्हणजे खरं तर आत वळलेला फुलांचा गुच्छ. नर झाडाचं फळ चिरलं तर तोंडाशी पुंकेसरांची फुलं आणि खाली आखूड कुक्षिवृंताची मादी फुलं, पण त्यांत बी नाही, बारीक गांधीलमाशीची अळी. मादी झाडाचं फळ चिरलं तर सगळी लांब कुक्षिवृंताची फुलं आणि बिया. माशी अंडं घालायला कुक्षिवृंतातून आपली अंडनळी खुपसते. आखूड कुक्षिवृंतात ती बुडापर्यंत पोचते, लांब कुक्षिवृंतात पोचत नाही. बाहेरून दोन्ही फळं सारखी. मादी फळात शिरलेली माशी पंख गमावून आत अडकते, सगळ्या फुलांना पराग लावते आणि एकही अंडं नीट न घालता मरते. नर झाड माश्या पोसतं, मादी झाड त्यांना फसवतं. नुसतं फूल पाहून लिंग ठरवणाऱ्याला इथे चकवा बसतो, कारण नर झाडातही मादी फुलं असतात. पुरंदरचं अंजीर याच गोतातलं, पण आपण तिथे माशीचा प्रश्नच काढून टाकला आहे: परागाशिवाय फळणारी मादी झाडं निवडली आणि छाटकलमांनी वाढवली.

रातांब्याची भावकी, मँगोस्टीन, तर माणसाने न सांगताच त्या वाटेने गेली. सगळी झाडं मादी. फुलात पुंकेसर आहेत, पण निकामी. पराग न लागता फळ धरतं, बीही तयार होतं आणि त्या बीतून आईचीच नक्कल उगवते. म्हणून मँगोस्टीन बीपासून लावताना नर निघेल ही भीती नाही. तोटा असा की वेगळं, लवकर फळणारं, थंडी सोसणारं झाड निवडायला मुळात वेगळेपणच फारसं सापडत नाही.

केवड्याबद्दल जाता जाता. गौरी-गणपतीत ज्या कणसाचा वास घरभर दरवळतो ते नर फुलांचं. मादी केवड्याला अननसासारखं फळ येतं, त्याला बाजारात कुणी विचारत नाही. नराला भाव असलेलं एवढं एकच झाड मला आठवतं.

जायफळात नर ओळखण्याची घाई सगळ्यांत जास्त, कारण बीपासून लावलेलं झाड फुलायलाच सहा-आठ वर्षं घेतं. तेवढी वर्षं पाणी, खत, सावली दिली आणि निघाला नर. यातून ठोकताळे जन्मले: रुंद पानाचं रोप मादी, शिरा सरळ असतील तर नर, मोठ्या बीची मादी. यांतल्या एकावरही शंभर रोपांची लागवड करू नये. नाणं उडवल्याइतकीच खात्री. खरा उपाय कलम, आणि त्यातही एक खड्डा आहे. जायफळ आणि रातांबा दोघांच्या फांद्या दोन स्वभावांच्या: सरळ वर जाणारा शेंडा आणि आडव्या फांद्या. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम जगतं, मादीच असतं, लवकर फुलतंही. पण ते आयुष्यभर आडवंच वाढतं, झुडपासारखं जमिनीवर पसरतं. सरळ शेंडा हवा तर काडी सरळ फुटीचीच हवी, आणि अशा फुटी एका झाडावर मोजक्याच असतात. म्हणून काही रोपवाटिकांत मादी मातृवृक्षाचा शेंडा मुद्दाम छाटतात, म्हणजे खोडावर नव्या सरळ फुटी येतात. रोप विकत घेताना एवढंच बघा: कलमाच्या वरची फूट काठीच्या आधाराशिवाय सरळ उभी आहे का, आणि पानं चहूबाजूंनी फुटली आहेत की पंख्यासारखी दोनच बाजूंना.

जायफळाच्या फुलांवर येतो तो मुंगीसारखा दिसणारा इवलासा भुंगेरा. दक्षिण भारतातल्या बागांत १९८०च्या दशकात केलेल्या निरीक्षणात तोच मुख्य वाहक निघाला. हा किडा नर फुलांकडे पराग खायला जातो. मादी फुलात त्याला काही मिळत नाही. मडकीचा रंग तोच, वास तोच, म्हणून चुकून शिरतो. इथेही फसवणूकच. त्यामुळे नर फुलं भरपूर असल्याशिवाय भुंगेरा बागेत ठरत नाही, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशकाचा फवारा मारला की नर झाड असूनही उपयोग होत नाही.

पपईत निर्णय तीन-चार महिन्यांत होतो, म्हणून तिथे गणित सोपं. नर-मादी वेगळे असलेल्या वाणात खड्ड्यात दोन रोपं लावली तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारात एक, तीन लावली तर आठात एक. लांब दांड्यावर लोंबणारे तुरे दिसले की नर, खोडाला चिकटलेलं जाड फूल दिसलं की मादी. शेकडा दहा नर ठेवून बाकीचे उपटायचे. खानदेशात तैवान ७८६ हा वाण लावतात, त्यात नर नसतो, मादी आणि द्विलिंगी अशी एकास दोन झाडं येतात. बाजाराला लांबट फळ हवं, ते द्विलिंगी झाडाचं. एकास दोन का, तर द्विलिंगी करणाऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रती एका बीत आल्या तर ते बी जगतच नाही, चौथा हिस्सा तिथेच गळतो. द्विलिंगी पपईचं फूल हवामानाला हळवं. कडक उन्हाळ्यात बीजांडकोश खुरटतो आणि खोडावर फळांच्या रांगेत रिकामी जागा पडते. थंडीत पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून वाढतात आणि फळ वेडंवाकडं, खाचांचं निघतं. बी बोगस निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी ती फुलं कुठल्या महिन्यात उमलली होती हे मागे मोजून पाहावं.

रातांब्याच्या बाबतीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता हा वाण १९९७ मध्ये दिला, पुढे कोकण हातीस. कलमं मादी झाडांची. लोक हौसेने पन्नास कलमं नेतात, सगळी मादी, आणि आसपास रानटी नर नसेल तर पंचाईत. आठ-दहा मादी झाडांमागे एक नर हे प्रमाण धरावं. सहा मीटरवर चौकोनी लागवड असेल तर प्रत्येक तिसऱ्या ओळीतलं प्रत्येक तिसरं झाड नर ठेवलं की कुठलीही मादी नरापासून लांब पडत नाही. नर सगळे कुंपणाला रांगेत लावून टाकण्याची युक्ती दिसायला सोयीची, पण मधल्या ओळी उपाशी राहतात. परसात जागा एकाच झाडाची असेल तर मादी झाडाच्या एका बाजूच्या फांदीवर नराच्या काडीचं कलम बांधता येतं. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी काडी, आठवडाभर आधी पानं कापून डोळे फुगू दिलेली. ती फांदी कुठली, हे लक्षात ठेवायचं. छाटणीला आलेला गडी नेमकी तीच तोडतो.

नर जास्त झाले असतील तर तोडण्याऐवजी बदलता येतात. खोड गुडघा-कमरेएवढ्या उंचीवर कापायचं, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची, नव्या फुटींतल्या चार-पाच जोमदार ठेवून त्यांच्यावर मादी काड्या बांधायच्या. मुळं जुनी, त्यामुळे नव्या रोपापेक्षा फळ लवकर. कलमाच्या खालून नराची फूट पुन्हा पुन्हा डोकं काढते. ती दर महिन्याला खुडली नाही तर दोन वर्षांत झाड पुन्हा नर.

आणि हे सगळं करण्याआधी झाड नक्की काय आहे ते पाहून घ्यायचं. रातांब्यात दोन्ही प्रकारची फुलं असलेली झाडंही सापडतात. एका फांदीवरची पाच फुलं बघून निकाल देऊ नये. झाडाच्या चारही बाजूंची, वरची-खालची मिळून पंचवीस-तीस फुलं, डिसेंबरात एकदा आणि जानेवारीअखेर पुन्हा. खोडावर नराला गेरूचा पट्टा, मादीला चुन्याचा, आणि ज्याचं ठरत नाही त्याला दोन्ही. पाऊस पट्टे धुऊन नेतो, म्हणून वहीत कंपाउंडाच्या दाराकडून क्रमांक टाकून ठेवायचे. कुऱ्हाडवाला मे महिन्यात येतो, आणि तेव्हा झाडावर एकही फूल नसतं.